एकाच सांगाड्यावरच्या दोन गाड्या: स्लाव्हिया आणि कुशाकमधली जागा व बैठक

गोव्यात नवी गाडी घ्यायचे ठरले की घरातल्या पहिल्याच चर्चेत सेडान बहुधा बाद होते. पावसाळ्यातले रस्ते, जागोजागचे गतिरोधक आणि वाड्यावरची चढण ही त्याची कारणे सांगितली जातात, आणि त्यांना जोडूनच एसयूव्हीत जागा जास्त असते हे वाक्यही हमखास येते. आधीची कारणे खरी आहेत. जागेबद्दलचे विधान मात्र तपासून घेतले पाहिजे असे माझे मत आहे, आणि ते तपासण्याची चांगली सोय आमच्या फोंड्याच्या घरात आपोआप झाली आहे. माझ्याकडे स्कोडाची स्लाव्हिया ही सेडान आहे, धाकट्या भावाकडे त्याच कंपनीची कुशाक ही एसयूव्ही आहे, आणि घरातली तीच माणसे, त्याच पिशव्या आणि तेच रस्ते कधी एका गाडीच्या वाट्याला येतात, तर कधी दुसऱ्या. इंजिन, मायलेज आणि किंमत यांवर पुष्कळ लिहिले जाते. या लेखात मी आतली जागा आणि सीटचा आराम एवढेच पाहणार आहे.

तुलनेसाठी ही जोडी विशेष योग्य आहे. दोन्ही गाड्या पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात, भारतासाठी तयार केलेल्या एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, बनतात. कुशाक २०२१ मध्ये बाजारात आली आणि स्लाव्हिया २०२२ मध्ये. दोन्हींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर, अगदी सारखा, २६५१ मिलिमीटर आहे. प्रवाशांची बैठक याच अंतरात मावत असल्यामुळे एकीला सेडानचे आणि दुसरीला एसयूव्हीचे रूप दिल्याने बसणाऱ्याला नेमके काय मिळते आणि काय जाते, हे येथे दुसऱ्या कशाचीही सरमिसळ न होता पाहता येते.

आता मापे पाहावीत. स्लाव्हियाची लांबी ४५४१ मिलिमीटर आहे आणि कुशाकची ४२२५. म्हणजे सेडान ३१६ मिलिमीटरने, फुटाहून थोडी अधिकच, लांब आहे. उंचीत मात्र कुशाक पुढे आहे: तिची उंची १६१२ मिलिमीटर, स्लाव्हियाची १५०७, फरक सुमारे चार इंचांचा. रुंदीतला फरक जवळपास नगण्य आहे, स्लाव्हियाची १७५२ आणि कुशाकची १७६०. व्हीलबेस सारखाच असल्याने सेडानची ती फूटभर जास्तीची लांबी चाकांच्या पुढे आणि मागे जाते, आणि तिचा बहुतेक हिस्सा डिकीच्या वाट्याला येतो. रस्त्यावरून पाहताना उंच, ताठ कुशाक अंगाने मोठी वाटते, तरी जमीन जास्त व्यापते ती स्लाव्हिया.

मागच्या सीटवरची गुडघ्यांची जागा मोजण्याची एक साधी रीत आहे. पुढची सीट आपल्या उंचीप्रमाणे गाडी चालवण्यासाठी लावावी, मग उतरून तिच्याच मागे जाऊन बसावे आणि गुडघा व पुढच्या सीटची पाठ यांच्यामध्ये हात घालून पाहावा. माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे. दोन्ही गाड्यांत माझ्या गुडघ्यापुढे वळलेली मूठ सहज मावून वर थोडी जागा उरते, आणि कोणत्या गाडीत अधिक उरते हे डोळे मिटून सांगता येणार नाही. एसयूव्ही घेतल्याने पाय पसरायला जागा मिळेल ही अपेक्षा निदान या जोडीत पूर्ण होत नाही. डोक्यावरची जागा कुशाकमध्ये स्पष्टपणे अधिक आहे, कारण तिचे छत मागेपर्यंत जवळपास सपाट जाते, तर स्लाव्हियाचे छत मागच्या प्रवाशाच्या डोक्यावरूनच उतरू लागते. माझे डोके तेथे छताला टेकत नाही. सहा फुटांच्या माणसाने मात्र पाठ पूर्ण टेकवून बसून पाहिल्याशिवाय स्लाव्हिया घेऊ नये.

मापांपेक्षा महत्त्वाचा फरक बसण्याच्या रीतीत आहे. कुशाकची मागची सीट जमिनीपासून उंच आणि पाठीला ताठ आहे, जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीसारखी. स्लाव्हियाची बैठक खाली आणि किंचित मागे कललेली आहे, सोप्यावरच्या आरामखुर्चीच्या जातीची. ताठ बसणाऱ्याचे गुडघे जवळजवळ काटकोनात वाकतात आणि पावले सरळ खाली टेकतात. कलून बसणाऱ्याचे पाय पुढे जातात, कंबरेवरचा भार पाठीच्या मोठ्या भागावर वाटला जातो आणि मान सैल सुटते. फोंड्याहून पणजीला जाऊन यायचे असेल, तर या दोहोंपैकी काहीही चालते. पुण्यापर्यंतच्या दिवसभराच्या प्रवासात मात्र कोल्हापूर मागे पडल्यावर मागे बसलेल्यांचा सूर कोणत्या गाडीत बदलतो हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. कुशाकमध्ये कोणीतरी पाठीमागे उशी मागतो, स्लाव्हियात झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो.

मात्र याच खालच्या बैठकीची किंमत चढता-उतरताना मोजावी लागते, आणि ती सर्वांत जास्त आमच्या आईला मोजावी लागते. तिचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत. कुशाकचे मागचे दार उघडले की ती पाठमोरी उभी राहते, एका हाताने दाराची कड धरते आणि सीट तिच्या कंबरेच्या थोडीच खाली असल्याने नुसती मागे टेकते. मग साडीचा घोळ सावरत एकेक पाय आत घेते. उतरताना हेच उलट होते, आणि उठण्यासाठी गुडघ्यांवर जोर द्यावा लागत नाही. स्लाव्हियात तिला एकाच वेळी तीन गोष्टी कराव्या लागतात: उतरत्या छताखालून डोके वाचवायचे, गुडघे पुरते वाकवून खाली जायचे आणि त्याच दमात आत वळायचे. उतरताना ती पुढच्या सीटची डोक्याची उशी एका हाताने पकडते, दुसरा हात मांडीवर रोवते आणि मग कोणीतरी बाहेरून हात द्यावा लागतो. पावसात, एका हातात छत्री असताना, तो देणाराही भिजतो. मंगेशी, म्हार्दोळ आणि कवळे अशी एका सकाळची देवदर्शने असतील, तर चढ-उतार पुन्हा पुन्हा होतो, आणि त्या दिवशी दारात कुशाकच उभी करावी लागते. जमिनीपासून सीटची उंची बसणाऱ्याच्या कंबरेच्या जितकी जवळ, तितके सांध्यांना कमी काम, हे त्यामागचे सरळ कारण आहे. चार इंचांनी उंच गाडीत हे साधते. ज्यांच्या घरात संधिवाताचे किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले माणूस आहे, त्यांनी माझ्या मते इतर सर्व गुण-दोष बाजूला ठेवून एवढ्या एका कारणासाठी एसयूव्ही घ्यावी.

अतिशय उंच गाड्यांबद्दल मात्र मी असे म्हणणार नाही. ज्या एसयूव्हींत पायरीवर पाय देऊन वर चढावे लागते, त्या वृद्धांना सेडानहूनही अवघड जातात. कुशाकची उंची मधली आहे, आणि हीच गोष्ट तिच्या पथ्यावर पडली आहे.

घाटात पारडे पुन्हा फिरते. गोव्यातून बेळगाव-कोल्हापूरकडे जायचे म्हटले की चोर्ला, अनमोड किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट बहुधा वाट्याला येतोच, आणि आमची बेळगावची ये-जा नेहमी चोर्ला घाटातून असते. वळणावर प्रत्येक गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. हे झुकणे गाडीच्या खालच्या भागात असलेल्या एका कल्पित अक्षाभोवती होते, म्हणून त्या अक्षापासून डोके जितके उंच, तितके ते प्रत्येक वळणाला अधिक हलते. उंच गाडीचे हे झुकणे आवरायचे तर सस्पेन्शन काहीसे कडक ठेवावे लागते, आणि मग सरळ रस्त्यावरचे लहान खड्डे सीटमधून अधिक जाणवू लागतात. कुशाक तिच्या वर्गात बरीच बांधलेली गाडी आहे, चालवणाऱ्याला तर ती सुरेखच वाटते. मागे बसणाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. माझ्या पुतणीला गाडी लागते. तिला स्लाव्हियात पुढे पाहत बसवले, तर केरीच्या बाजूने घाट चढून कणकुंबीपर्यंत ती बहुतेक वेळा तक्रार न करता जाते, आणि कुशाकमध्ये मात्र लिंबू आधीपासून हाताशी ठेवावे लागते. गाडी लागणे हे माणसागणिक बदलते हे मला मान्य आहे, परंतु खाली आणि चाकांच्या मध्ये बसलेले शरीर कमी हेलकावते, हे मागच्या सीटवरून कोणालाही पडताळता येईल.

सीटच्या गादीविषयी. दोन्ही गाड्यांतला फोम घट्ट आहे, पहिल्या बसण्यात तो काहींना कडकही वाटतो. शोरूममध्ये पाच मिनिटे बसणाऱ्याला मऊ, खोल जाणारी सीट आवडते, पण तासाभरानंतर त्याच मऊ सीटमध्ये कंबर खाली रुतते आणि पाठीचा कणा गोलाकार वाकतो. घट्ट गादी कंबरेला जागेवर धरून ठेवते, आणि या बाबतीत मी दोन्ही गाड्यांच्या पुढच्या सीटना पूर्ण गुण देईन. त्यांची घडण जवळपास सारखीच आहे, पाठीच्या दोन्ही बाजूंना चांगला आधार आहे आणि चालकाची सीट उंच-खाली करता येते. मागच्या सीटमध्ये मांड्यांच्या आधाराकडे लक्ष द्यावे. सीटची पुढची कड गुडघ्यांच्या मागच्या लवणापर्यंत पोहोचली, तर मांडीचे वजन गादीवर राहते, आणि ती अलीकडेच संपली, तर सगळा भार पार्श्वभागावर येऊन पाय अवघडतात. माझ्या उंचीला दोन्हींत हा आधार पुरतो. आखूड उंचीच्या माणसांची अडचण उलटी असते: उंच सीटवर त्यांची टाच जमिनीला नीट टेकत नाही, पाय किंचित लोंबतात आणि कड मांडीखाली रुतते. माझी भावजय पाच फुटांची आहे आणि लांबच्या प्रवासाला ती आपणहून स्लाव्हियाची मागची सीट मागते.

तीन माणसांनी मागे बसण्याचा प्रश्न दोन्ही गाड्यांनी सारखाच अर्धवट सोडवला आहे. मागची सीट दोघांसाठी कोरलेली आहे, तिचा मधला भाग उंचावलेला आहे आणि पायाशी असलेला उंचवटा ठळक आहे, त्यामुळे मध्ये बसणाऱ्याला पाय दोन्हीकडे टाकून बसावे लागते. दोघे मोठे आणि मध्ये एक मूल असेल, तर काही अडचण येत नाही. तीन भरल्या अंगाची माणसे फोंडा ते मडगाव जातील, पण त्यांना बेळगावपर्यंत नेऊ नये. गोव्यातली बहुतेक कुटुंबे सणासुदीला पाच जण मिळून निघतात, हे लक्षात घेता ही मर्यादा खरेदीपूर्वी ठाऊक असलेली बरी. एसयूव्ही म्हणजे रुंद गाडी, या समजाला येथे आठ मिलिमीटरचाच आधार आहे.

गोव्याच्या दमट हवेत सीटवर काय चढवले आहे यालाही महत्त्व येते. वरच्या व्हेरियंटमध्ये दोन्ही गाड्यांना कृत्रिम चामड्याचे आवरण आणि पुढे हवेशीर सीट मिळतात, ज्यांत गादीतून हवा खेळते आणि पाठीला घाम धरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत, उन्हात उभी राहिलेली गाडी घेऊन निघताना, ही चैन वाटत नाही. मागच्या प्रवाशांना ती नाही, त्यांना एसीच्या मागच्या झडपांवर भागवावे लागते. आत थंडावा लवकर पसरतो तो स्लाव्हियात, कारण तिची डिकी बंद असल्याने एसीला फक्त बैठकीपुरती हवा थंड करायची असते. पावसाळ्यात याच चामड्याला वेगळी निगा लागते. ओल्या कपड्यांनी बसून काचा बंद करून गाडी उभी ठेवली, की जुलैत शिवणींपाशी पांढुरकी बुरशी दिसू लागते. कोरड्या फडक्याने पुसणे आणि उघडीप मिळताच दारे उघडी टाकणे, एवढे केले तरी पुरते. ज्यांना हे जमणारे नाही, त्यांनी खालच्या व्हेरियंटमधली कापडी सीट घ्यावी. उन्हात तीच अधिक सुसह्य असते.

सामानाच्या जागेत सेडान इतकी पुढे आहे की अनेकांना ते खरे वाटत नाही. स्लाव्हियाची डिकी ५२१ लिटरची आहे आणि कुशाकची ३८५ लिटरची, म्हणजे १३६ लिटरचा फरक. हे लिटर पाणी ओतून मोजलेले नसतात. प्रत्येकी एक लिटरचे, २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे ठोकळे डिकीत रचून किती मावतात, अशी ती पद्धत आहे. त्यामुळे आकडा एकूण पोकळी सांगतो, पण दाराचे तोंड किती उघडते आणि उंच वस्तू उभी राहते का, हे सांगत नाही. चार जणांच्या बॅगा, नारळांचे पोते आणि माहेरून निघणाऱ्या पिशव्या स्लाव्हियात झाकण बंद होऊन मावतात, तर कुशाकमध्ये त्यातली एक बॅग हमखास कोणाच्या तरी पायाशी येते. चवथीच्या आधी मात्र चित्र बदलते. चित्रशाळेतून गणपती आणायचा, माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या आराशीची, फळे, नारळाच्या पेंडी आणि सुपारीचे घोस आणायचे, तर उंच, बोजड आणि दबता कामा नये अशा वस्तू सेडानच्या बसक्या तोंडातून आत जात नाहीत. कुशाकचे मागचे दार वरपर्यंत उघडते, सीट ६०:४० अशा भागांत दुमडते आणि ती पूर्ण दुमडल्यावर १४०५ लिटरपर्यंत जागा होते. स्लाव्हियात ती १०५० लिटरवर थांबते. मूर्ती मांडीवर घेऊन बसणाऱ्यालाही उंच छताखाली प्रभावळीची काळजी कमी वाटते.

वासाचा मुद्दा परीक्षणांमध्ये क्वचितच येतो, पण आपल्याकडे तो आलाच पाहिजे. पुण्यामुंबईच्या नातेवाइकांसाठी खारवलेले बांगडे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) न नेणारे गोव्याचे घर विरळाच. सेडानची डिकी बैठकीपासून वेगळी असल्याने बांधून ठेवलेला तो डबा पुण्यापर्यंत कोणाला जाणवत नाही. एसयूव्हीत मागचे सामान आणि माणसे एकाच हवेत असतात, मध्ये फक्त एक हलके झाकण असते, आणि आंबोली चढेपर्यंत डब्यात काय आहे ते सर्वांना कळलेले असते.

रस्त्याच्या भीतीने जे सेडान टाळतात, त्यांच्यासाठी एक आकडा द्यायला हवा. रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतले अंतर, स्लाव्हियात १७९ मिलिमीटर आणि कुशाकमध्ये १८८ आहे. फरक नऊ मिलिमीटरचा. फेरीबोटीवर चढताना, विशेषतः ओहोटीच्या वेळी उतार तीव्र झालेला असताना, स्लाव्हियाचे लांब टोक सांभाळावे लागते आणि गाडी तिरकी घ्यावी लागते, हे खरे. पणजीत अठरा जून रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधतानाही तो जास्तीचा फूट नडतो.

या जोडीवरून सर्व सेडान आणि सर्व एसयूव्हींबद्दल निकाल देता येणार नाही. फोक्सवॅगनच्या व्हर्टस (सेडान) आणि टायगून (एसयूव्ही) याच प्लॅटफॉर्मवर असल्याने त्यांना वरचे बहुतेक विवेचन लागू पडते. ह्युंदाईत सेडानचाच व्हीलबेस मोठा आहे: व्हर्नाचा २६७०, क्रेटाचा २६१०, डिकीही ५२८ विरुद्ध ४३३ लिटर. होंडाकडे उलट आहे, एलिव्हेटचा व्हीलबेस २६५० आणि सिटीचा २६०० मिलिमीटर, तरी डिकीत सिटीच ५०६ विरुद्ध ४५८ लिटरने पुढे आहे. म्हणून गाडीचा प्रकार पाहून जागेचा अंदाज बांधू नये, ती विशिष्ट गाडी बसून पाहावी.

बसून पाहण्याबद्दल माझा एक आग्रह आहे. शोरूमची फरशी सपाट असते, दारे पूर्ण उघडायला ऐसपैस जागा असते आणि गाडी रिकामी असते. आपल्या घरासमोर यांतले काहीच नसते: चिऱ्यांच्या गडग्यामुळे दार अर्धेच उघडते, उतारामुळे एका बाजूची सीट अधिक खाली जाते. टेस्ट ड्राइव्हची गाडी विक्रेत्याला घरी आणायला सांगावे; बहुतेक जण आणतात. घरातल्या सर्वांत वयस्कर आणि सर्वांत उंच अशा दोघांना मागे बसवावे, दोन बॅगा डिकीत टाकाव्यात, जवळच्या एखाद्या वळणावळणाच्या रस्त्याने निदान अर्धा तास फिरून यावे, आणि परतल्यावर ज्येष्ठांना आपल्याच फाटकासमोर, कोणाचा हात न धरता, उतरायला सांगावे. आमच्याकडे कुशाक घेण्याचा निर्णय अशाच एका फेरीनंतर झाला. स्लाव्हिया विकून दोन्ही गाड्या एसयूव्ही कराव्यात का, हा विषय नंतर निघाला तेव्हा मी नकार दिला, आणि भावानेही मला दुजोरा दिला, कारण पुण्याला जाताना किल्ली तो माझ्याकडूनच मागून नेतो.